राजकोटचा पुतळा, बर्लिनचा लेनिन आणि आमची आठवण

26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा कोसळला. 4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाच्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. म्हणजे त्याला नऊ महिनेही झाले नव्हते. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. 1664 च्या नोव्हेंबरात त्याची पायाभरणी झाली. तेव्हापासून साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्याने अंगावर घेतले. राजाने बांधलेला किल्ला टिकला आणि राजाच्या नावाने बांधलेला पुतळा एक पावसाळाही काढू शकला नाही.

त्यानंतर जे घडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले की वारा ताशी 45 किलोमीटर वेगाने वाहत होता आणि पुतळा नौदलाने उभारला होता. नट-बोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधीच नौदलाला पत्राने कळवले होते, हेही बाहेर आले. राज्याच्या कला संचालकांनी सांगितले की त्यांनी मान्यता दिली ती 6 फुटांच्या नमुन्याला, 35 फुटांची त्यांना कल्पना नव्हती. शिल्पकाराला अटक झाली, बांधकाम सल्लागाराला अटक झाली. राजकोटवर दोन राजकीय गटांत धक्काबुक्की झाली. मुंबईत 'जोडे मारो' आंदोलन झाले. 30 ऑगस्टला पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी माफी मागितली आणि त्याच भाषणात सावरकरांचा विषय काढून विरोधकांनाही सुनावले. मग 11 मे 2025 रोजी त्याच जागी नवा, आणखी उंच, 60 फुटी पुतळा उभा राहिला. विषय संपला असे सगळ्यांनी गृहीत धरले.

आमच्या मते विषय तिथे सुरू होतो. वारा किती होता, बोल्ट कोणी लावले, टेंडर कोणाला मिळाले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांची उत्तरे मिळायलाच हवीत. पण त्यांच्या गर्दीत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. मालवणच्या माणसांनी हा पुतळा मागितला होता का? ज्या किनाऱ्यावर राजाच्या नावाची आण घेऊन पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार झाले, ज्या किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आजही आहे, तिथल्या लोकांना राजाची आठवण करून देण्याची गरज कोणाला पडली? गरज कार्यक्रमाला होती. तारीख आधी ठरली आणि पुतळा नंतर. आठवण तारखेच्या हुकमावर उभी केली की ती चौथऱ्यावर टिकत नाही, हा धडा जगाने 35 वर्षांपूर्वी घेतला आहे. तो आपण समजून घेतला पाहिजे, कारण यापुढे पाळी आपल्या पुतळ्यांची आहे.

लेनिनचे डोके

1991 च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला. त्याच्या आगेमागे पूर्व युरोपातील देशांत हजारो पुतळे उतरवले गेले. पूर्व बर्लिनच्या फ्रीडरिशशाइन भागात लेनिनचा 19 मीटर उंच ग्रॅनाइटचा पुतळा होता. त्याचे शंभरावर तुकडे करून ते शहराच्या कडेच्या जंगलात वाळूखाली पुरले. जणू पुरले की इतिहास संपला. 2015 साली त्या पुतळ्याचे साडेतीन टनांचे डोके पुन्हा उकरून काढले आणि 2016 पासून ते बर्लिनच्या श्पांडाऊ किल्ल्यातील एका प्रदर्शनात ठेवले आहे. उभे नाही, कुशीवर आडवे. त्याला चौथरा नाही, हार नाहीत. जो कधी 19 मीटरवरून खाली बघायचा, त्याच्याकडे आता शाळेतली पोरे समोरासमोर बघतात.

हंगेरीने वेगळी वाट घेतली. बुडापेस्टबाहेर 1993 साली उघडलेल्या मेमेंटो पार्कमध्ये कम्युनिस्ट राजवटीचे सुमारे 40 पुतळे एकत्र ठेवले आहेत. ना पूजेसाठी, ना फोडण्यासाठी. बघा आणि विचार करा, एवढ्यासाठी.

कलाकार याच्याही पुढे गेले. सोफी काल या फ्रेंच कलावतीने 1996 साली पूर्व बर्लिनमध्ये जिथून जुनी चिन्हे काढली होती अशा रिकाम्या जागांचे फोटो घेतले आणि तिथल्या माणसांना विचारले, इथे काय होते? प्रत्येकाला वेगळे आठवत होते. कोणाला चिन्हाचा आकार आठवत नव्हता, कोणाचा राग आठवणीपेक्षा मोठा होता. लिथुआनियाच्या देइमान्तास नार्केविचियुस याने 2004 साली एक छोटा चित्रपट केला. विल्निअसमध्ये 1991 साली क्रेनने लेनिनचा पुतळा उतरवला त्याचे चित्रीकरण त्याने उलटे जोडले. पडद्यावर लोक टाळ्या वाजवत आहेत आणि लेनिन परत चौथऱ्यावर चढतो आहे. तीच गर्दी, त्याच टाळ्या. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, या टाळ्या नेमक्या कशाला होत्या?

या कलेने लेनिनची आरती केली नाही आणि भांडवलशाहीचीही केली नाही. तिने एवढेच विचारले की सत्ता आपल्याला काय आठवायला लावते, आणि तिच्या पुतळ्याच्या सावलीत कोणाची आठवण मरते? हाच प्रश्न राजकोटवर विचारायचा होता. आपल्याकडे तो ना कलाकारांनी विचारला, ना चॅनेलवाल्यांनी.

काठमांडूचा इशारा

कम्युनिझम कोसळल्याचा आम्हाला आनंद नाही आणि त्याच्यासाठी गळा काढायचीही गरज वाटत नाही. 20 नोव्हेंबर 1956 रोजी, महापरिनिर्वाणाच्या 16 दिवस आधी, काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचे एकच आहे, पण बळजबरीने आणलेली व्यवस्था बळ हटल्यावर कशावर उभी राहणार? माणसाचे मन बदलले नसेल तर काठी बाजूला ठेवताच जुने सगळे परत येणार. 35 वर्षांनी ते घडले. दगडाचे लेनिन हजारो होते, पण मनातला लेनिन फार थोड्यांजवळ उरला होता.

हाच इशारा त्यांनी आपल्यालाही दिला आहे. 1943 साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की धर्मातली भक्ती कदाचित मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगती आणि हुकूमशाहीकडेच नेते. या दोन भाषणांतली वाक्ये आपण जयंतीच्या बॅनरवर छापतो आणि त्याच बॅनरवर स्थानिक नेत्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा लावतो.

'मग तुमचे पुतळे तरी कशाला?'

इथे आमचे काही पुरोगामी मित्र खूश होतात. त्यांचा निष्कर्ष तयार असतो : पुतळ्यांचे राजकारणच बंद करा, शिवाजीचे आणि आंबेडकरांचेही, त्या पैशात शाळा आणि दवाखाने बांधा. ऐकायला समतोल वाटते. आमचा याला स्पष्ट नकार आहे.

लेनिनचा पुतळा सरकारी हुकमाने उभा राहिला. राजकोटचा सरकारी कार्यक्रमासाठी उभा राहिला. वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा मजुरी करणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, चाकरमानी म्हणून मुंबईला गेलेल्या माणसांच्या वर्गणीतून उभा राहिला. अनेक ठिकाणी सरकार त्याला परवानगी देत नव्हते, गाव जागा देत नव्हते, आणि बसवल्यावर रात्री पहारा द्यावा लागत होता. ज्या माणसाला चावडीवर चढायला बंदी होती त्याने गावाच्या तोंडाशी कोट घातलेला, हातात पुस्तक धरलेला आपला माणूस उभा केला. तो पुतळा म्हणजे आमचा सातबारा आहे. या जमिनीवर आम्हीही आहोत, एवढे तो सांगतो.

म्हणून तर त्याच्यावर हल्ले होतात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला आणि निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. 10 जण मेले. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. राजकोटचा पुतळा पडला तेव्हा माफ्या मागितल्या गेल्या. आमचे पुतळे फोडले जातात तेव्हा कोठडी आम्हाला मिळते.

मार्च 2018 आठवा. त्रिपुरातील बेलोनियात सत्ता बदलताच बुलडोझरने लेनिनचा पुतळा पाडला. 'परदेशी नेत्याचा पुतळा हवाच कशाला' म्हणून अनेकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी तमिळनाडूत पेरियार यांच्या पुतळ्यावर हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात मेरठ जिल्ह्यात आणि चेन्नईत बाबासाहेबांच्या पुतळ्यांची विटंबना झाली. लेनिन, पेरियार, आंबेडकर. बुलडोझरला हा क्रम नीट कळतो. आपल्याला कळायला उशीर लागतो.

बुलडोझरचा विषय निघालाच आहे तर मालवणचे आणखी एक प्रकरण सांगतो. 23 फेब्रुवारी 2025 रोजी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप एका मुस्लिम भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबावर झाला. दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्याचे दुकान अतिक्रमण ठरवून पाडले. पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल होता. अवमान याचिकेवर न्यायालयाने मार्च 2025 मध्ये नगरपरिषदेला नोटीस काढली. एकाच गावातल्या या दोन घटना आहेत. सत्तेचा पुतळा पडला तेव्हा समिती नेमली गेली. गरिबाचे दुकान पाडायला एक दिवस पुरला. ज्या राजाच्या सैन्यात आणि आरमारात मुसलमान होते, त्याच्या नावाच्या गावात हे घडले. पुतळ्याची उंची वाढली म्हणून राजाची आठवण वाढली असे कोणी म्हणत असेल तर त्याने या 24 तासांचा हिशोब द्यावा.

आठवण चोरायची रीत

आठवण पुसायला आता हातोडा लागत नाही. मोठा पुतळा पुरतो. त्याची तीन उदाहरणे देतो.

पहिले शिवरायांचे. 1869 साली जोतीराव फुल्यांनी पोवाडा लिहून शिवाजीला शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले. पुढे 1988 साली गोविंद पानसरे या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने 'शिवाजी कोण होता?' या छोट्या पुस्तकातून तोच राजा घराघरात पोचवला. त्या पुस्तकाला चौथरा नव्हता, क्रेन नव्हती, नौदल नव्हते. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरेंना कोल्हापुरात गोळ्या घातल्या. रयतेच्या शिवाजीची आठवण ठेवणाऱ्याला गोळी आणि तलवारीच्या शिवाजीला निधी, ही आजची वाटणी आहे.

दुसरे अण्णाभाऊंचे. मातंग समाजात जन्मलेला हा शाहीर लाल बावट्याखाली वाढला, 1961 साली रशियाला गेला आणि 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली. तो गरिबीत मेला. 14 सप्टेंबर 2022 रोजी मॉस्कोच्या रुडोमिनो ग्रंथालयात त्याच्या पुतळ्याचे अनावरण देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. कम्युनिझम संपलेल्या शहरात, कम्युनिस्ट शाहिराचा पुतळा, कम्युनिझमला शत्रू मानणाऱ्या पक्षाच्या नेत्याच्या हातून. पुतळा झाला याचा आम्हाला राग नाही. अण्णाभाऊंचा मान झालाच पाहिजे. पण त्यांच्या हातातला लाल बावटा आणि मनातला निळा, हे दोन्ही काढून घेऊन उरलेल्या मूर्तीला हार घातला, यावर आपल्यातले किती जण बोलले?

तिसरे बाबासाहेबांचे. 11 ऑक्टोबर 2015 रोजी इंदू मिलच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. पुढे चौथऱ्यासह 450 फुटांचे आश्वासन दिले गेले. भूमिपूजनाला वर्षही उलटले नव्हते तोच, 25 जून 2016 च्या रात्री दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. ज्या छापखान्यातून चळवळीचा शब्द बाहेर पडला त्याच्या भिंती अंधारात पाडल्या, आणि त्या पाडणारे हात परक्यांचे नव्हते, आपल्याच नावाने चालणाऱ्या ट्रस्टचे होते. त्या दिवशी आम्हाला कळले की उंच स्मारकाचे वचन आणि खऱ्या वास्तूचा ढिगारा एकाच शहरात सुखाने नांदू शकतात.

खोतीची आठवण कुठे आहे?

आता सिंधुदुर्गाकडे परत येऊ. हा जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी मालवणचा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात होता. कोकणातल्या कुळांच्या मानेवर खोताचे जू होते : पिकातला मोठा वाटा खोताचा, वरून वेठ. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात महार होते, कुणबी होते, आगरी होते. स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्ट कार्यकर्तेही होते. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध दोन्ही झेंड्यांनी मिळून संप केला. खोती कायद्याने संपायला 1949 उजाडले.

या लढ्याचे स्मारक मालवणच्या पर्यटन नकाशावर दाखवा. स्कूबा डायव्हिंग आहे, किल्ला आहे, मासळीची थाळी आहे, आता 60 फुटी पुतळा आहे. खोती नाही. सिंधुदुर्गाचे चिरे घडवणारे पाथरवट नाहीत. परंपरेने हिरोजी इंदुलकरांचे नाव जपले, हे चांगलेच झाले. पण बोटीतून दगड वाहणारे हात कोणाचे होते? त्यांच्या वंशजांची वस्ती आज गावाच्या कोणत्या टोकाला आहे? पुतळ्याभोवती रोषणाई करणाऱ्या सरकारला हे प्रश्न सुचणार नाहीत. ते आपल्याला सुचले पाहिजेत.

आपले कलाकार हे काम करू लागले आहेत. प्रभाकर कांबळे यांनी 2022 साली बर्लिन बिनालेत 'उतरंड' मांडली. एकावर एक रचलेली मडकी, वरच्याचा भार खालच्यावर. चूल पेटवणाऱ्या कोणत्याही आजीला ती बघताक्षणी कळेल, आणि जातिव्यवस्था म्हणजे काय हे युरोपातल्या प्रेक्षकालाही त्यातून कळले. ज्या शहरात लेनिनचे डोके आडवे पडले आहे त्याच शहरात आमच्या उतरंडीने साक्ष दिली. याला कोणाची तारीख लागली नाही, कोणाचे हेलिकॉप्टर लागले नाही.

म्हणून काय करायचे?

राजकोटला जाऊन सेल्फी काढून या, आमची हरकत नाही. पण येताना रिकाम्या हाताने येऊ नका. आम्ही तरुण कार्यकर्त्यांपुढे चार कामे ठेवतो.

एक. आपल्या वस्तीतील 75 वर्षांवरील प्रत्येक माणसाचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करा. वेठ, विहीर, धर्मांतर, मुंबईची चाळ, पहिली जयंती, हे सगळे विचारा. मालवणी बोलीतच विचारा आणि तशीच ठेवा. ही माणसे गेली की हे दप्तर जळाले म्हणून समजा.

दोन. जुन्या वर्गणीच्या पावत्या, बैठकीच्या वह्या, पत्रके, फोटो गोळा करा. पुतळा बसवताना कोणी किती दिले याची वही ही पुतळ्याइतकीच मौल्यवान आहे. विहाराच्या एका कपाटात आपले संग्रहालय सुरू होऊ शकते.

तीन. सरकारी स्मारकांचा हिशोब माहिती अधिकारात मागा. राजकोटचा मागा, इंदू मिलचाही मागा. 'आपल्या महापुरुषाचे काम आहे, प्रश्न कशाला' असे म्हणणाऱ्याला 1949 चे भाषण वाचायला द्या.

चार. चित्र, छायाचित्र, गाणे, जलसा, छोटा चित्रपट यांना जयंतीच्या मंडपातला टाइमपास समजू नका. वर्गणीतला एक हिस्सा डीजेऐवजी वस्तीतल्या पोरांच्या कॅमेऱ्यावर खर्च करा.

या किनाऱ्यावर रापण ओढतात ती एकट्याच्या बळावर निघत नाही. दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि मासळीत दोरी धरणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. आठवणीचेही तसेच आहे. ज्याने दोरी धरली नाही तो वाटा मागायला आला की समजावे, उद्या जाळेही तोच नेणार आहे. सरकार बदलेल, पुतळ्यांची उंची बदलेल. खोताच्या दारात वेठ करणाऱ्या आजोबांचे नाव मात्र आपण लिहून ठेवले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

जयभीम!